खरेदीखताच्या दिवशी नकाशा कुठे असतो?

गुंठेवारीवरचा, म्हणजे शेताचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकण्यावरचा, वाद आपल्याकडे घर उभं राहिल्यानंतर सुरू होतो. 2025 मध्ये राज्य सरकारने शेतजमिनीचे फार लहान तुकडे करायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्याची अट शिथिल केली आणि 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले छोट्या तुकड्यांचे व्यवहार शुल्क न घेता नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला. एका बाजूने म्हटलं, लाखो कुटुंबांना न्याय मिळाला. दुसरी बाजू म्हणाली, कायदा पाळणारा मूर्ख ठरला. त्याच वर्षी मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या नदीपट्ट्यातले, 36 बंगले पाडले गेले, तेव्हा हीच दोन मतं पुन्हा समोरासमोर आली: ‘आयुष्याची पुंजी मातीत घातली’ आणि ‘नदीत घर बांधलं तर दुसरं काय होणार?’ नियमित करा की पाडा, एवढ्याच दोन पर्यायांत आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत. दोन्ही पर्याय उशिरा येतात. माझं म्हणणं असं आहे की जमिनीवर काय बांधता येतं, या प्रश्नाचं लेखी उत्तर खरेदीखतावर सही होण्याआधी खरेदीदाराच्या हातात असलं पाहिजे, आणि ते देणं ही विकणाऱ्याची व सरकारची जबाबदारी कायद्याने ठरली पाहिजे. हे होत नाही तोवर नियम कितीही सोपे करा, मुदती कितीही वाढवा, पुढच्या पिढीचं अनधिकृत घर आजच विकलं जात आहे.

गुंठा, दोन गुंठे घेणाऱ्या माणसाच्या फाइलीत काय असतं ते पाहा. सातबारा, नोंदवलेलं खरेदीखत, इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा गोषवारा. पुढे घर झालं की मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल. सरकारी शिक्क्यांचे एवढे कागद असताना घर बेकायदा कसं, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. अडचण अशी की यातला एकही कागद बांधकामाबद्दल बोलत नाही. सातबारा महसुली नोंद सांगतो. खरेदीखत दोन माणसांतला व्यवहार सांगतं. कराची पावती ‘इथे बांधकाम उभं आहे’ एवढंच सांगते. महानगरपालिका अधिनियमाच्या 267अ कलमानुसार तर अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते, आणि ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही हेही तिथेच लिहिलेलं आहे. सरपंचाच्या सहीच्या ‘ना हरकत’ने शेती विभागाचा रहिवास विभाग होत नाही. ज्या कागदांत खरं उत्तर असतं ते तीन: जमीन कोणत्या विभागात येते ते सांगणारा झोन दाखला, विकास आराखड्याचा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी ते ठरवणाऱ्या शहराच्या नकाशाचा, त्या जागेपुरता भाग नकाशा आणि भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे जमिनीच्या हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा. यातले पहिले दोन नगररचना विभागात अर्ज आणि थोडीशी फी भरून मिळतात. तरीही गुंठ्यांच्या बहुतेक व्यवहारांत ते कुणी मागत नाही, कारण ते मागायचे असतात हेच कुणी सांगत नाही.

आणि मागितले तरी ते वाचावे लागतात. झोन दाखल्यावर साधारण असं वाक्य असतं: ‘सदर गट क्रमांक मंजूर विकास आराखड्यानुसार अंशतः रहिवास विभागात व अंशतः शेती विभागात समाविष्ट असून 18 मीटर रुंद विकास योजना रस्त्याने अंशतः बाधित आहे.’ सगळं मरण त्या ‘अंशतः’मध्ये आहे. दाखला संपूर्ण गटाचा मिळतो. विकणारा त्यातलं ‘रहिवास विभागात’ एवढं वाचून दाखवतो. पण तुमचा एक गुंठा गटाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे? नकाशावरच्या पिवळ्या (रहिवास) भागात, हिरव्या (शेती) भागात की थेट रस्त्याखाली? हे कळायला मोजणीच्या नकाशावर तुमचा तुकडा दिसला पाहिजे आणि तो भाग नकाशावर बसवून पाहिला पाहिजे. गुंठेवारीत पोटहिस्सा, म्हणजे गटाची अधिकृत वाटणी, पडलेलाच नसतो, त्यामुळे ‘क’ प्रतीवर तुमचा तुकडा नसतोच. खरेदीखतात लिहितात ‘पूर्वेस अमुक यांची मिळकत, पश्चिमेस 15 फुटी रस्ता’. ही चतुःसीमा आराखड्यावर शोधून सापडत नाही. नदीकाठच्या गटात तर आणखी दोन रेषा पाहाव्या लागतात: निळी, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर नाहीच. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. या रेषा भाग नकाशावर असतात, सातबाऱ्यावर नसतात.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. पहिला आक्षेप: नियमच इतके किचकट की सामान्य माणूस पाळूच शकत नाही. यात मोठं तथ्य होतं. प्रत्येक शहराची वेगळी नियमावली, घराभोवती सोडायची वेगळी सामासिक अंतरं, भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते सांगणारा वेगळा चटई क्षेत्र निर्देशांक. आर्किटेक्टलासुद्धा गाव बदललं की पुस्तक बदलावं लागे. पण डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून राज्यभर एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि छोट्या मालकासाठी ती बरीच उदार आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवाना असलेल्या तंत्रज्ञामार्फत नकाशे दाखल करून शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी समजली जाते. 150 ते 300 चौरस मीटरसाठी तंत्रज्ञाच्या दाखल्यावर 10 दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, देण्याची तरतूद आहे. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर. त्यावर 1.1 मूळ निर्देशांकाने सुमारे 111 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 1,200 चौरस फूट बांधता येतं. एका कुटुंबाला हे पुरेसं आहे. मग गुंठ्याचा मालक या सोप्या दाराने का येत नाही? कारण त्या दारापाशी मालकी, मोजणी, रस्ता आणि मंजूर रेखांकन (रस्ते-भूखंडांची मंजूर आखणी) आधीच धड असावं लागतं, आणि त्याच्याकडे नेमकं तेच नसतं. हे चारही त्याच्या हातातले विषय नव्हते. शेताचे तुकडे पाडताना विकणाऱ्याने ते करायचे होते.

परवानगीच्या पुढच्या टप्प्यांत मालकाच्या चुका होतात, हेही खरं आहे. प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष असते. नूतनीकरण करून ती एकूण चार वर्षांपर्यंत जाते. पैसे जमतील तसं बांधणारा माणूस दोन वर्षं थांबतो, पुन्हा काम सुरू करतो आणि परवानगी कधीच संपलेली असते. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी करून घ्यायची असते. ती टाळली आणि आखणी दीड फूट सरकलेली निघाली, की वरचे दोन्ही मजले त्या दीड फुटासकट चुकतात आणि शेवटी घर वापरायची परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र अडतं. बाजूच्या मोकळ्या जागेत जिना किंवा पत्र्याची शेड घातली, बाल्कनी बंद केली, तरी तेच. नगररचना अधिनियमाच्या 45व्या कलमात 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद आहे, पण नकाशा नियमांना धरून असेल तरच. ‘साठ दिवस झाले, आता बांधा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. या चुका मात्र दुरुस्त होतात. सुधारित नकाशा देता येतो, शेड काढता येते, मुदत वाढवता येते. जागाच चुकीच्या विभागात घेतली असेल तर दुरुस्ती नाही, आणि ती चूक कुदळ मारण्याआधीची असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गरीब माणसाने जायचं कुठे? मंजूर रेखांकनातला भूखंड त्याला परवडत नाही, म्हणून तो गुंठेवारीत जातो. हे मान्य करूनच पुढे जाता येतं. पण तो का परवडत नाही, याचा हिशेब करून पाहू. एक एकर म्हणजे 40 गुंठे, 4,047 चौरस मीटर. जागा 50 मीटर रुंद आणि 81 मीटर लांब आहे असं धरा. नियमाने रेखांकन केलं तर मधून 9 मीटरचा रस्ता काढावा लागतो; त्यात 729 चौरस मीटर, म्हणजे सव्वासात गुंठे जातात. क्षेत्र 4,000 चौरस मीटरच्या वर असल्याने 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे आणखी 4 गुंठे. विकायला उरतात पावणेएकोणतीस. आता हेच बिनपरवाना करा: 15 फुटी बोळ, मोकळी जागा शून्य. बोळात साडेतीन गुंठे जातात आणि विकायला 36 हून अधिक मिळतात. जमीन एकरी एक कोटीला घेतली असेल, तर पहिल्या प्रकारात गुंठा सुमारे 3 लाख 47 हजारांना पडतो, दुसऱ्यात 2 लाख 75 हजारांना. म्हणजे निव्वळ जमिनीत गुंठ्यामागे पाऊण लाखाच्या आतलाच फरक. डांबर, गटार, पाण्याची लाइन, मोजणी आणि मंजुरीचा खर्च त्यावर. विकणाऱ्याने वाचवलेले हे साडेसात गुंठे आणि तो सगळा खर्च हीच गुंठेवारीची कमाई आहे. खरेदीदाराला त्यातला काही भाग स्वस्ताईच्या रूपात मिळतो, आणि बदल्यात त्याच्या दारात अग्निशमनाचा बंब कायमचा येत नाही.

नियमितीकरण या हिशेबात काय बदलतं? कागद बदलतो. ते महत्त्वाचं आहे; नाव सातबाऱ्यावर येणं, बँकेचं कर्ज मिळणं, घर विकता येणं, या लहान गोष्टी नाहीत, आणि ज्या वस्त्या दोन-तीन पिढ्या उभ्या आहेत त्यांना हे मिळायलाच हवं. मात्र 15 फुटी बोळ नियमित झाला म्हणून रुंद होत नाही. आजच्या नियमावलीत 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला शुल्क भरून (प्रीमियम) किंवा दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क विकत घेऊन (टीडीआर) वाढीव क्षेत्र मिळत नाही, त्यामुळे मुलाचं लग्न झाल्यावर वरचा मजला चढवायचा म्हटलं की हाच मालक पुन्हा बेकायदा होतो. शिवाय मुदतीचा इतिहास बघा. गुंठेवारीचा 2001 चा कायदा 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या बांधकामांसाठी होता. 2021 मध्ये ती तारीख 31 डिसेंबर 2020 झाली. मुंबईच्या झोपड्यांना संरक्षण देणारी तारीख 1995 वरून 2000 वर आणि तिथून 2011 वर सरकली. तुकड्यांचे व्यवहार नियमित करायला 2017 मध्ये बाजारमूल्याच्या 25 टक्के शुल्क होतं, 2024 मध्ये ते 5 टक्क्यांवर आलं, 2025 मध्ये माफ झालं. शेतात चुन्याच्या रेषा मारून गुंठे विकणाऱ्याने यातून काय शिकायचं? ‘आज घ्या, दहा वर्षांनी कायदेशीर होईल’ हे त्याचं वाक्य राज्याने प्रत्येक वेळी खरं करून दाखवलं आहे.

म्हणून पाडापाडीचा आग्रह धरणाऱ्यांचा राग मला समजतो. चिखलीत पर्याय नव्हता, हेही मी मान्य करतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बांधकामं पाडून 5 कोटी रुपयांची भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि पूररेषेतलं घर दंड घेऊन कायदेशीर करणं म्हणजे पुढच्या पुरात माणसं ठेवणं. पण पाडण्याची जरब बसते, हा दावा तपासून पाहा. भूखंड पाडणारा पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. घर ज्याचं पडतं तो शेवटचा खरेदीदार असतो. जरब बसायची ती नेमकी ज्याला बसायला हवी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला पाहिल्याशिवाय वीज-पाणी जोडण्या देऊ नयेत, बँकांनीही तो तपासूनच कर्ज द्यावं, असे निर्देश दिले. ते योग्यच आहेत. पण ही सगळी फाटकं घर बांधून झाल्यावरची आहेत. तोपर्यंत त्या माणसाचा भविष्य निर्वाह निधी, बायकोचे दागिने आणि गावाकडचं शेत विकून आलेला पैसा स्लॅबमध्ये ओतून झालेला असतो.

तिसरा आक्षेप शासनालाच टोचणारा आहे, आणि तो सगळ्यांत खरा आहे: आराखडाच वेळेवर येत नाही, तर लोकांनी काय करायचं? जुन्या पुण्याचा विकास आराखडा 1987 चा. त्याची सुधारणा 2007 पर्यंत व्हायची होती, ती मंजूर झाली 2017 मध्ये. मधल्या काळात शहराची पोरं मोठी होऊन घर शोधायला लागली. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली. तिथे वस्ती आधी आली आणि नियोजन तिच्यामागे धावतं आहे. आराखड्यात जागेवर सार्वजनिक कामाचं आरक्षण पडलं तर मालक दहा वर्षं अडकतो. मग नगररचना अधिनियमाच्या 127व्या कलमाखाली नोटीस द्यायची, आणखी 24 महिने वाट बघायची, तेव्हा कुठे आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द, होतं. अशा यंत्रणेने सामान्य माणसाला शिस्त शिकवावी का? या प्रश्नापुढे मी मान खाली घालतो. तरीही यातून ‘नियोजन नकोच’ हा निष्कर्ष निघत नाही. 1896 च्या प्लेगने मुंबई-पुण्यात दाखवलं होतं की उजेड आणि वारा न येणाऱ्या खोल्या माणसं मारतात. 1898 मध्ये मुंबईत सुधारणा मंडळ आलं, पुढे समोरच्या इमारतीचा माथा साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाबाहेर जाऊ नये असा प्रकाशाचा नियम त्याने आणला. आज ज्या सामासिक अंतराला लोक ‘वाया जाणारी जागा’ म्हणतात, तिचा उगम त्या मृत्यूंत आहे.

त्याच वारशात गुंठेवारीवरचं उत्तरही पडून आहे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने नगररचना योजना आणली: एका भागातल्या सगळ्या मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र घ्यायच्या, त्यातून रस्ते, बाग, शाळेची जागा काढायची आणि प्रत्येकाला थोडा लहान पण चौकोनी, रस्त्यालगतचा भूखंड परत द्यायचा. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले या उपनगरांचा आणि पुण्यात भांबुर्ड्याचा, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचा, काही भाग अशाच योजनांतून आखला गेला. साडेसात गुंठ्यांचा तो प्रश्न तिथे सगळ्यांनी मिळून सोडवला होता. गुजरातने ही पद्धत सोडली नाही. अहमदाबाद आजही योजनांवर योजना करत वाढतं. आपल्याकडे 1966 च्या नगररचना अधिनियमात ती तरतूद शाबूत असून आपण आरक्षणं टाकत बसलो. अलीकडे म्हाळुंगे-माणसारख्या ठिकाणी ती पुन्हा हाती घेतली गेली, ही चांगली गोष्ट आहे. शेताचे गुंठे पडण्याआधी अशी योजना पोचली तर गरिबाला परवडणारा कायदेशीर भूखंड मिळू शकतो. गुंठे पडून विकले गेल्यावर चारशे मालकांची संमती मिळवणं महाकठीण, आणि म्हणूनच विक्रीचा क्षण निर्णायक आहे.

विक्रीच्या वेळीच कागद सक्तीचे करा म्हटलं की कायद्याचे जाणकार थांबवतील: दुय्यम निबंधक म्हणजे न्यायालय नव्हे, तो दस्त नोंदवतो, हक्क ठरवत नाही. हा आक्षेप पोकळ नाही. 2021 मध्ये नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून तुकड्यांचे दस्त नोंदवायला मनाई केली. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक आणि त्यामागचा नियम रद्द केला. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तमिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं की मालकी सिद्ध झाली नाही म्हणून निबंधकाला नोंदणी नाकारता येत नाही. मला हे निकाल बरोबर वाटतात. बंदीने व्यवहार थांबत नाहीत. ते नोटरीच्या कागदावर आणि कुलमुखत्यारपत्रावर जातात, आणि खरेदीदार आणखी उघडा पडतो. पण मी बंदी मागत नाही. विधिमंडळाने दुरुस्ती करून मोकळ्या जमिनीच्या प्रत्येक खरेदीखताला तीन कागद परिशिष्ट म्हणून जोडणं सक्तीचं करावं: तीन महिन्यांच्या आतला झोन दाखला, भाग नकाशा, आणि विकला जाणारा तुकडा त्यावर लाल रेषेने दाखवणारी मोजणीची प्रत. निबंधकाने त्यांची तपासणी करू नये. ते आहेत की नाहीत एवढंच पाहावं. दस्ताच्या पहिल्या पानावर ठळक मराठीत एक ओळ असावी: या जागेवर आज रहिवासी बांधकाम अनुज्ञेय आहे, किंवा नाही. ‘नाही’ असेल तरी घ्यायची त्याने घ्यावी, शेती करावी. विकणाऱ्याने खोटा तुकडा दाखवला तर ती सरळ फसवणूक, आणि तिचा पुरावा नोंदलेल्या दस्तातच असेल.

सरकारला ही माहिती नवीन गोळा करावी लागेल असंही नाही. मुद्रांक शुल्क आकारताना वार्षिक मूल्यदर तक्ता उघडला जातो, आणि त्या तक्त्यात शेतजमीन, बिनशेती आणि बिनशेतीची शक्यता असलेली जमीन यांचे दर वेगवेगळे असतात. म्हणजे जमीन कोणत्या वर्गात बसते हे राज्य आपल्या वसुलीपुरतं त्याच टेबलावर पाहतं. खरेदीदाराकडून मुद्रांक शुल्क घेतं, शिवाय एक टक्का, कमाल 30,000 रुपये, नोंदणी फीही घेतं. त्या पैशात नकाशाचं एक पान छापून त्याच्या हातात देणं अवघड आहे का? मोजणीला महिने लागतात, ही खरी अडचण आहे. त्यासाठी भूमी अभिलेख खात्यात माणसं आणि यंत्रं वाढवावी लागतील, परवानाधारक खासगी मोजणीदारांना जबाबदारीसह काम द्यावं लागेल. काही ठिकाणी आराखडा आणि जमीन यांचा मेळ बसणार नाही, दाखल्यातही चुका निघतील. चुकीचा दाखला दिला तर देणाऱ्या कार्यालयाने नुकसान सोसावं, ही तरतूद त्याच दुरुस्तीत हवी. नाहीतर ‘सदर दाखला केवळ माहितीस्तव’ हा शिक्का मारून सगळे पुन्हा हात झटकतील.

तोपर्यंत ज्यांना या महिन्यात विसार द्यायचा आहे, त्यांनी गट नंबर घेऊन स्वतः नगररचना विभागात अर्ज करावा, दाखल्यातला ‘अंशतः’ शब्द शोधावा, आणि विकणाऱ्याला सांगावं की मोजणीची ‘क’ प्रत आणून त्यावर माझा तुकडा दाखव, उरलेले पैसे त्यानंतर.